मागच्या बाजूचं दार

तार्तूत नोव्हेंबर म्हणजे साडेतीनलाच दिवेलागण.
आईनदी म्हणतो आम्ही जिला, ती गोठायच्या बेतात,
आणि दुसऱ्या मजल्यावर मी, तावेत,
मऊ पडलेल्या बिस्किटांचा पुडा,
भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या दोनशे बारा.
विद्यापीठाचं म्हणणं एवढंच:
मुलांना समुपदेशक सापडावा, तीन टिचक्यांत.

पहिला नमुना माझा.
फिकट निळा, एक ढग, एक हसरं पान.
खाली बटण: मदत.
आमच्या भाषेत या शब्दाला तीनच अक्षरं लागतात,
तरी दोन महिन्यांत ते कुणी दाबलं नाही.
म्हणजे यायचे.
रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी, चार वाजून सहाला,
अकरा सेकंद थांबायचे,
जायचे.
उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी वळलेले बूट
सकाळी बर्फात दिसतात, तशा त्यांच्या नोंदी.

तावेत म्हणाला, बटण मोठं करू.
केलं.
नारिंगी करू.
तेही केलं. माझ्या आईला फार आवडलं.

मग चाचणीला आला योसेप,
सारेमा बेटावरचा, भूगर्भशास्त्र, दुसरं वर्ष.
तासाभराचा मोबदला सिनेमाची दोन तिकिटं.
मी कागदावरून वाचलं:
समजा, तुम्हाला तीन आठवडे झोप लागलेली नाही.
तो म्हणाला, पाच.
आणि मी, खोटं कशाला सांगू,
कागदावरची पुढची ओळ वाचली:
आता योग्य ठिकाण शोधा.

अंगठा पडद्यावर. टेकलेला नाही.
नखाखाली कसल्याशा खडकाची राखाडी धूळ.
बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
दार कुठंय?
कुठलं दार?
आत जायचं असतं ते.
जिना चढणारा माणूस कॅन्टीनमधून दिसतो का?

तावेतचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.
दोनशे बारा चिठ्ठ्या,
एकीवरही दार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चालत गेले.
सायकलींच्या शेडवरून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून.
फोटो काढला, हातमोजा काढल्यानं जरा हललेला.
पान गेलं, ढग गेला.
पहिल्या पडद्यावर आता ते हिरवं दार, आणि मजकूर:

घंटी बिघडलेली आहे. दार ढकला, जड आहे.
डावीकडे सतरा पायऱ्या. कॅन्टीनमधून दिसत नाही.
वर मारेत असतात. त्या आधी चहा विचारतात, नाव नंतर.
कोट टांगायला खुंटी एकच आहे.
पहिली भेट बावीस दिवसांनी मिळेल.
तोवर रात्री या नंबरवर माणूस बोलतो, यंत्र नाही.
काय झालंय ते सांगता आलं नाही, तरी चालेल.

समितीला घंटी खटकली.
शोभत नाही म्हणाले, आधी दुरुस्त करू, मग लिहा.
बावीस दिवस तर नकोच, मुलं खचतील.
मी म्हटलं, मुलं मोजतात.
आकडा असला की कॅलेंडरवर बोट ठेवता येतं,
लवकरच या शब्दावर ठेवता येत नाही.
याहून चांगलं बोलायला मला जमलं नाही.
सही झाली. घंटी अजून तशीच आहे.

आता लोक खाली सरकवतात,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात,
काही जण नंबर लावतात.
त्यांत योसेप आहे का?
मला कळणार नाही.
कुणाचं नाव कुणाला दिसू नये
अशी कुलपं मीच घातली आहेत,
चांगली घातली आहेत, तीनदा तपासून.
त्या रात्री एकदा मी ती उघडायला बसलेही होते.
उघडली नाहीत.
म्हणजे उघडत नाहीतच ती.

तो गेला तेव्हा
सिनेमाची तिकिटं टेबलावर विसरला होता.
ती ड्रॉवरमध्ये आहेत, मुदत संपून गेली.

काल मारेतचा निरोप आला, कामाचाच,
बांधकाम विभागाला पुढं पाठवा म्हणून:
जिन्याच्या वरच्या टोकाला
अजून तीन खुंट्या हव्यात.